तुम्ही विचारलंत म्हणून: गवताला नाव दिल्याचे किती मिळतात?

मागच्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकांनी विचारलं, "पेपरात आलं होतं ना, तुम्ही नवीन वनस्पती शोधलीत म्हणून? मग सरकार किती देतं त्याचे?" एसटीत विचारतात, बँकेत विचारतात. पीएच.डी.साठी मुलगी आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात घालण्याआधी वडील विचारतात, ते जरा आडून. काकांच्या पानात तेवढ्यात जिलेबी आली, मी "काही नाही" म्हटलं आणि विषय मठ्ठ्यावर गेला. इथं पानात काही वाढलेलं नाही, तेव्हा नीट सांगते.

काही नाही म्हणजे खरोखरच काही नाही. नव्या प्रजातीला बक्षीस नसतं, मानधन नसतं. हिशेब मांडलाच तर माझ्या खात्यावर उणेच निघेल.

आमचं गवत पहिल्यांदा दिसलं सप्टेंबर 2007 मध्ये, शाहूवाडी तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर. सड्याचं नाव मुद्दाम सांगत नाही, कासच्या पठारावर रविवारी गर्दी काय करते ते पाहिलंय. गुडघ्याएवढं गवत, गुरं ज्याला तोंड लावत नाहीत असं. भिंगाखाली धरलं तर कुसळ अडलं. कुसळ म्हणजे मोज्यात अडकून घरापर्यंत येतं तेच. पण ते फार हुशार यंत्र असतं. ओल्या तळव्यावर ठेवा, खालचा पीळ सुटायला लागतो आणि वरचं वाकडं टोक हळूहळू गोल फिरतं. पावसाच्या पाण्यानं असंच फिरत फिरत ते बी मातीत शिरतं. आमच्या नमुन्यात त्या पिळावर बारीक केस होते. माझ्याजवळच्या सगळ्या पुस्तकांप्रमाणे तिथं केस नसायला हवे होते.

एवढ्यावरून नवीन म्हणता येत नाही. एका वर्षी पाऊस कमी म्हणून केस आले असतील, शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी भलत्याच नावाखाली नोंदवलं असेल. मग चार पावसाळे तोच सडा. शिवाय जुनी कागदपत्रं: थिओडोर कूकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या नोंदींचा ग्रंथ, 1901 ते 1908 (हा गृहस्थ मुळात रेल्वेचा इंजिनीअर आणि पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजचा प्रिन्सिपॉल, वनस्पतिशास्त्र फावल्या वेळात!), ब्लॅटर आणि मॅकॅन यांचं मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचं 1935 चं पुस्तक, आणि मुंबईत झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममधल्या पिवळ्या पडलेल्या शीट्स, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेले नमुने. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघायचं, दिवसभर शीट्स बघायच्या, रात्री परत. अशा किती खेपा झाल्या ते मी मोजणं सोडून दिलं, नवऱ्यानं मात्र मोजल्यात.

ऑक्टोबर 2011 मध्ये शोधनिबंध छापून आला. तेव्हा नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये द्यावंच लागे. एका चर्चमधल्या फादरकडून मी तो परिच्छेद तपासून घेतला होता. 1 जानेवारी 2012 पासून इंग्रजी वर्णनही चालायला लागलं. तीन महिने थांबले असते तर फादरांची दोन संध्याकाळची झोप वाचली असती.

"पण प्रकल्पाला पैसे मिळतात की," असं म्हणणारे असतात. मिळतात. पुढे आम्हालाही एका सरकारी योजनेतून तीन वर्षांचा प्रकल्प मिळाला. पहिला हप्ता आला फेब्रुवारीत. फेब्रुवारीत सडा पाहिलाय तुम्ही? काळा कातळ, त्यावर वाळक्या काड्या आणि कुठं कुठं जळल्याचे डाग. सड्यावरची बहुतेक फुलं जूनच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत उरकतात आणि सरकारचं वर्ष 31 मार्चला संपतं. त्याच्या आत खर्च दाखवायचा, यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायचं, उरलेले परत करायचे. प्रवासाच्या हेडमधले पैसे परत गेले. उपकरणांच्या हेडमधून डीप फ्रीजर घेतला. चांगला आहे, शीट्समधले किडे थंडीनं मरतात. फक्त त्यात ठेवायच्या शीट्स गोळा करायला ऑगस्टमध्ये मी स्वतःच्या पगारातून गेले. पुढचा हप्ता डिसेंबरात.

जीपच्या भाड्यावर ऑडिटची शंका आली ती वेगळीच. तीन कोटेशन का जोडली नाहीत? त्या गावात जीपच एक आहे. मी तसं लिहून दिलं तर उत्तर आलं की "गावात एकच जीप असल्याचा दाखला" जोडावा. सरपंचांनी दिला. वर शिक्का मारून म्हणाले, "मॅडम, दुसरी घेतली कुणी तर कळवू काय?"

मुलांच्या फेलोशिपचं थोडक्यात सांगते. नेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून फेलोशिप (जेआरएफ) मिळालेल्याला 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये. त्याआधी 31,000 होते आणि तेही 2019 साली देशभरची मुलं रस्त्यावर आल्यावर झाले. केंद्रीय विद्यापीठातल्या बिगर-नेट विद्यार्थ्याला 8,000. आकडा हा एक भाग झाला, तो दरमहा खात्यावर येणं हा दुसरा. माझ्या एका विद्यार्थिनीचे सात महिन्यांचे पैसे एकदम आले, तोवर ती मेसचं बिल शिकवण्या घेऊन भागवत होती.

आता मानाचं. नाव तर लागतंच. वनस्पतीच्या शास्त्रीय नावामागे ते नाव देणाऱ्याचं नाव लिहितात, आंब्याच्या मागे नुसतं 'एल्' असतं, म्हणजे स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस, 1753 साली. आमच्या गवतामागे माझं आडनाव जगबुडीपर्यंत राहील. (गवताला स्वतःचंच नाव देता येतं का, हेही विचारतात. नियमात बसतं, पण लोक हसतात.)

गोम अशी की या नावाची मोजणी कुठंच होत नाही. आंब्यावर हजारो शोधनिबंध निघतात, सगळ्यांत 'एल्' असतो, पण संदर्भांच्या यादीत लिनीअसचा ग्रंथ क्वचितच कुणी देतं. यादीत नाही म्हणजे सायटेशन नाही. आणि नियतकालिकाचं वजन ज्या आकड्यानं मोजतात तो इम्पॅक्ट फॅक्टर बघतो मागच्या दोन वर्षांतल्या लेखांकडे, तर आमच्या क्षेत्रात लोक 1901 चं पुस्तक उघडून बसलेले. प्राध्यापकांच्या निवडी-बढतीसाठीच्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत इम्पॅक्ट फॅक्टर एकच्या खाली असलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला जादा 10 गुण, दहाच्या वर असेल तर 30. चार पावसाळ्यांचे 10 गुण, तेही सहलेखकांत विभागून. 2020 साली तर झूटॅक्सा हे प्राणिवर्गीकरणातलं, म्हणजे प्राण्यांच्या प्रजाती ओळखून नावं देण्याच्या शास्त्रातलं मोठं नियतकालिक, त्यातले लोक एकमेकांनाच फार उद्धृत करतात म्हणून इम्पॅक्ट फॅक्टरच्या यादीतून काढलं होतं. जगभरच्या वर्गीकरणवाल्यांनी आरडाओरडा केल्यावर काही आठवड्यांत परत घेतलं. एकमेकांना नाही तर कुणाला उद्धृत करणार? बाकीचे करत नाहीत!

वापरतात मात्र सगळे. सड्यावर खाणीचा प्रस्ताव आला की पर्यावरण अहवालाला वनस्पतींची यादी लागते. मग रात्री दहाला सल्लागार कंपनीतल्या कुणा पोराचा व्हॉट्सॲपवर फोटो येतो, धूसर, अंगठा मध्ये आलेला. "मॅम, प्लीज आयडेंटिफाय." मी ओळखून देते. न देऊन काय करणार, तो चुकीचं नाव टाकेल आणि सडा जाईल. त्या अहवालाचं बिल किती होतं हे मी एकदा विचारलं होतं. पोरगं प्रामाणिक होतं, त्यानं सांगितलं. मी फोन ठेवून बराच वेळ ओट्याशी उभी होते.

पुरस्कार नाहीत असं नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांच्या नावानं पर्यावरण मंत्रालयाचा वर्गीकरणासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार 1999 मध्ये सुरू झाला. कालिकतचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी 'हॉर्टस मलबारिकस' हा मलबारच्या वनस्पतींवरचा सतराव्या शतकातला बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ कित्येक दशकं खपून इंग्रजीत आणि मल्याळममध्ये आणला. 2020 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा ते ऐंशी ओलांडलेले होते. मला त्या ग्रंथातलं एक पान जास्त आवडतं. तो ग्रंथ करवून घेणाऱ्या डच गव्हर्नर व्हान रीडनं 1678 च्या पहिल्या खंडात मदतनीसांची प्रमाणपत्रं छापली आहेत. इट्टी अच्युतन या वैद्याचं आहे, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तिघांचं कोकणीत, नागरी अक्षरांत. झाडांची माहिती कुणी दिली याची पावतीच ती.

त्यामुळे मला पुरस्कार वाढवा असं फारसं वाटत नाही. मागणं एकच आहे आणि त्याला जादा एक पैसा लागत नाही: जे द्यायचं ते मे संपायच्या आत द्या आणि हिशेब पुढच्या मेमध्ये मागा. दर बैठकीत मी हे बोलते. बोलून झाल्यावर चहा येतो.

व्हान रीडचं पान पाहून मी एक केलं होतं. सड्यावर आम्हाला नेणारे, आमचे दाबलेल्या गवताचे गठ्ठे डोक्यावरून उतरवणारे मामा. "हे म्हसरं खाईत न्हाईत, ते येगळं हाय," असं माझ्या भिंगाआधी त्यांनी सांगितलं होतं. निबंधाच्या शेवटी आभारात त्यांचं पूर्ण नाव घातलं आणि छापील प्रत घेऊन गेले. त्यांच्या नातीनं बोट ठेवून ओळ दाखवली. मामांनी कागद लांब धरला, मग जवळ धरला.

"इंग्रजीत लईच बारका दिसतोय मी," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आन् ह्याचं सरकार किती देतंया?"