माती परीक्षण झाले, पण बोअरलॉग मिळेना

लातूर शहराच्या कडेला घर बांधताना जागेचे खरेदीखत, बँकेचे कर्ज, नकाशा आणि परवानगी यांपैकी कशानेच मला फारसा त्रास दिला नाही. त्रास दिला तो माती परीक्षणाच्या अहवालाने. जमिनीत बोअर घेऊन झाले, पैसे देऊन झाले, सही-शिक्क्याचा कागदही हातात आला. पण ज्या कागदावरून पाया ठरतो तो बोअरलॉग, म्हणजे बोअरमध्ये कोणत्या खोलीवर काय लागले याची नोंद, मिळवण्यासाठी मला एका खासगी एजन्सीच्या कार्यालयात इतक्या खेटा घालाव्या लागल्या, की आजही त्या रस्त्याने जाताना संताप येतो. घर बांधायला निघालेल्या प्रत्येकाला हे आधीच माहीत असावे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमच्या भागात पायाचा विषय निघाला की लोकांना ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवतो, आणि ते साहजिक आहे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती त्या पहाटे माणसांवर कोसळल्या होत्या. त्यामुळे सळई किती, कॉलम किती, याची चौकशी प्रत्येक जण करतो. पायाखालच्या मातीची चौकशी मात्र ‘आपल्याकडे खाली दगडच आहे’ या एका वाक्यावर संपते. खाली दगड आहे हे खरेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला आणि आपले बहुतेक पठार त्यावर उभे आहे. पण तो दगड कुठे दोन फुटांवर लागतो, तर कुठे पंधरा फुटांवर, आणि मधल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते, जे पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पावसाळ्यात जोते उचलले जाणे, उन्हाळ्यात दारे चौकटीत न बसणे, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा जाणे, हे सगळे त्या मातीचे काम असते. गवंड्याला दोष देऊन उपयोग नसतो.

शेजारच्यांनी मला बोअरवेलवाल्यांना विचारण्याचा सल्ला दिला. बोअरवेलची गाडी पाण्यासाठी असते. तिचा हातोडा दगडाचा चुरा करून वर फेकतो, त्यामुळे माती किती घट्ट होती किंवा दगड अखंड होता की फुटका, हे त्या चुऱ्यावरून कळत नाही. माती परीक्षणाचे बोअर वेगळे असते. त्यात साधारण दीड-दीड मीटरवर एसपीटी घेतात, म्हणजे ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून टाकून नळी ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजतात. पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके सोडून उरलेल्या ३० सेंटिमीटरच्या ठोक्यांची बेरीज म्हणजे ‘एन’ आकडा. दगड लागला की हिरकणी बिटाने तो कापून गोल गाभा बाहेर काढतात आणि पेटीत खोलीनुसार मांडून ठेवतात.

आमच्या आरसीसी सल्लागारांनी तीन बोअर सांगितले होते. एवढ्या लहान घरासाठी एखादे बोअर किंवा चाचणी खड्डाही चालतो, हे त्यांनी स्वतःच सांगितले. पण प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्याजवळून पूर्वी एक ओढा वाहत असे आणि लेआउट पाडताना तो बुजवला गेला, हे गावातल्या जुन्या माणसांकडून कळल्यामुळे त्यांनी तिसरे बोअर मुद्दाम त्या कोपऱ्यात धरले. मे महिन्यात काम झाले. मिस्त्री अनुभवी होता, पोरे मेहनती होती, आणि मी सावलीला बसून प्रत्येक ठोक्याची नोंद माझ्या वहीत केली. प्रत्येक गाभापेटीचा फोटो काढला, त्यात खोलीची पट्टी आणि बोअरचा क्रमांक दिसेल असा. ही वही आणि हे फोटो पुढे किती कामाला येणार आहेत याची तेव्हा कल्पना नव्हती, पण ज्यांच्याकडे असे काम चालू असेल त्यांनी हे जरूर करावे. साइटवर कुणी नाही म्हणत नाही.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा एजन्सीच्या कार्यालयातून फोन आला, की अहवाल तयार आहे. मी गेले आणि माझ्या हातात एक पान ठेवले गेले. वर गट नंबर, प्लॉट नंबर, माझे नाव. मध्ये एक ओळ, की २ मीटर खोलीवर जमिनीची सुरक्षित भारवहन क्षमता २० टन प्रति चौरस मीटर धरावी. खाली सही आणि शिक्का. बाकी काही नाही. मी विचारले, तीन बोअरचे लॉग कुठे आहेत? टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले, ‘मॅडम, परवानगीच्या फाइलला एवढेच लागते. तुम्हाला लॉग कशाला हवा?’ फाइलसाठी ते पान खरोखर पुरले. पण आमच्या सल्लागारांनी ते पाहून परत केले आणि एका चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून दिले. काळी माती कोणत्या बोअरमध्ये किती खोल आहे? तिचा फुगण्याचा निर्देशांक किती? आणि प्रत्येक खोलीला एन आकडा किती? तिसरा प्रश्न भूकंपाच्या गणितासाठीही होता, कारण आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकात पायाखालच्या जमिनीचा प्रकार एन आकड्यावरून ठरतो. १९९३ पूर्वी किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता आणि २००२ च्या सुधारित नकाशात तो मध्यम धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात आला. तेव्हा लातूरमध्ये बसून तो आकडा अंदाजाने भरणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांची भूमिका मला पूर्ण पटली. पण त्यामुळे मी दोघांच्या मध्ये अडकले: एकीकडे मंजुरी हातात, ठेकेदार तयार, आकाशात ढग, दुसरीकडे डिझाइन बंद.

पुढचे दिवस मी त्या कार्यालयाचे उंबरे झिजवण्यात घालवले. आधी सांगण्यात आले, की सविस्तर अहवालाचे शुल्क वेगळे आहे. मी कार्यादेशाची प्रत पुढे ठेवली. त्यात ‘भू-तांत्रिक अन्वेषण व अहवाल’ असे लिहिले होते, ‘प्रमाणपत्र’ असे नव्हते. मग सांगण्यात आले, की साइटवर देखरेख करणारे इंजिनिअर दुसऱ्या जिल्ह्यात पुलाच्या कामावर गेले आहेत आणि नोंदवही त्यांच्याकडे आहे. त्यांना फोन लावला तर त्यांनी वही कार्यालयात जमा केल्याचे सांगितले. कार्यालयातून पुन्हा प्रयोगशाळेकडे बोट दाखवले गेले. प्रयोगशाळेतली मुलगी भली होती. तिने रजिस्टर उघडून दाखवले तेव्हा खरा प्रकार बाहेर आला. आमच्या नावावर नोंदवलेले सगळे नमुने पहिल्या बोअरचे होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या बोअरचे नमुने तिथे पोहोचलेच नव्हते. ज्या कोपऱ्यासाठी तिसरे बोअर घेतले होते, त्या कोपऱ्यातली माती कुणी तपासलीच नव्हती, आणि तरीही संपूर्ण प्लॉटला २० टनांचा आकडा देऊन सही झाली होती.

त्या दिवशी मी घरी येऊन माझी वही पुन्हा वाचली. पहिल्या दोन बोअरमध्ये काळी माती सव्वा मीटरच्या आसपास संपून मुरूम लागला होता आणि त्यानंतरचे ठोके चाळिसाच्या वर होते. तिसऱ्यात दीड मीटरवर फक्त ७ ठोके होते, काळी माती २.१ मीटरपर्यंत होती, तिच्याखाली चुनखडीचे खडे असलेली पिवळी चिकणमाती, आणि मुरूम जवळजवळ ३ मीटरवर. म्हणजे प्रमाणपत्रावर विसंबून सगळीकडे २ मीटरवर पाया घेतला असता, तर घराचे तीन कोपरे मुरमावर आणि चौथा फुगणाऱ्या मातीत बसला असता. सगळे घर सारखे खचले तर एक वेळ चालते. एक कोपरा वेगळा हलला की भिंती फाटतात. हे समजल्यावर माझा संकोच संपला.

मी एक पत्र लिहिले आणि त्यात ‘कृपया अहवाल द्यावा’ असे मोघम न लिहिता भारतीय मानकांच्या क्रमांकांसह एकेक गोष्ट मागितली: आयएस १८९२ प्रमाणे तिन्ही बोअरचे लॉग, आयएस २१३१ प्रमाणे प्रत्येक १५ सेंटिमीटरचे ठोके, आयएस २७२० च्या भाग ४० प्रमाणे तिसऱ्या बोअरमधल्या काळ्या व पिवळ्या मातीचा मुक्त फुगवटा निर्देशांक, गाभ्याची टक्केवारी, आणि आयएस ६४०३ प्रमाणे भारवहन क्षमतेचे गणित. सोबत माझ्या वहीच्या पानांच्या आणि फोटोंच्या प्रती जोडल्या, पोच घेतली, आणि शिल्लक रक्कम हे सगळे मिळाल्यावर दिली जाईल असे लिहिले. क्रमांकांनिशी मागणी गेल्यावर बोलण्याची भाषा बदलली. मेण लावून बंद केलेल्या तिसऱ्या बोअरच्या नळ्या त्यांच्याच गोदामात सापडल्या आणि प्रयोगशाळेत गेल्या.

मुक्त फुगवट्याची चाचणी किती साधी आहे हे कळल्यावर मला जास्तच वाईट वाटले. बारीक चाळलेली १० ग्रॅम कोरडी माती एका मापन-नळीत रॉकेलमध्ये आणि तेवढीच दुसऱ्या नळीत पाण्यात टाकायची आणि २४ तास थांबायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक टक्क्यांत काढला की निर्देशांक मिळतो. आमच्या काळ्या मातीचा तो ९० टक्क्यांच्या घरात आला. जी चाचणी एका दिवसात होते, तिच्यासाठी अर्धा पावसाळा गेला.

पूर्ण अहवाल हाती आला तेव्हा मी तो तिथेच उभी राहून शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि मगच धनादेश दिला. सल्लागारांनी लगेच डिझाइन हाती घेतले. तीन कोपऱ्यांचे फुटिंग मुरमात, चौथ्या कोपऱ्याचे ३ मीटरच्या खाली मुरमात उतरवले. जोत्याच्या बीमखाली माती फुगायला मोकळी जागा ठेवली. जोत्यात निघालेली काळी माती परत न भरता बाहेरचा मुरूम भरला आणि घराभोवती पाणी मुरू नये म्हणून फरसबंदी धरली. काळी माती याहून खोल असती तर खाली फुगीर कंद असलेल्या अंडर-रीम्ड पाइलचा विचार करावा लागला असता. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ती पद्धत अशाच मातीसाठी विकसित केली आहे.

लिहिता लिहिता आठवलेल्या काही गोष्टी सांगते. कार्यादेशातच लॉग, प्रयोगशाळेचे तक्ते, गाभापेट्यांचे फोटो आणि गणित यांचा स्पष्ट उल्लेख करा आणि शेवटचा हप्ता त्यावर अडवा. ‘नळी आत जाईना, खडक लागला’ म्हणून मिस्त्री थांबला तर मान्य करू नका; मुरमात सुटे गोटे असतात, आणि दोन लाव्हाथरांच्या मध्ये लाल गेरूसारखा मऊ थरही असू शकतो, तेव्हा निदान एका बोअरमध्ये दगडात काही अंतर आत जाऊन गाभा पाहावा. गाभ्याचे १० सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडे किती निघाले, यावरून दगड किती अखंड आहे ते कळते. वर मांजऱ्या (छिद्राळ) दगड आणि खाली काळा पाषाण असेल तर फरक पेटीत डोळ्यांना दिसतो. उन्हाळ्यात बोअर कोरडे दिसते म्हणून पाणी नाही असे लिहून घेऊ नका. आम्ही एका बोअरमध्ये छिद्रांचा पाइप ठेवला होता आणि ऑगस्टमध्ये त्यात पाणी चढलेले दिसले. प्रयोगशाळेला एनएबीएल या राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता असेल तर ती नेमक्या कोणत्या चाचण्यांसाठी आहे ते विचारा. आणि बोअरच्या जागा वास्तुविशारदाच्या नकाशावर मोजून खुंटी मारून ठरवा, नाही तर गाडी जिथे सोयीने उभी राहील तिथे बोअर होते.

आमच्या पूर्वेच्या प्लॉटचे मालक यंदा बांधकामाला लागत आहेत. तो बुजवलेला ओढा त्यांच्या हद्दीतूनच आमच्याकडे येत होता, म्हणून तिसऱ्या बोअरच्या लॉगची प्रत मी त्यांना नेऊन दिली. त्यांनी ओढ्याच्या रेषेवर दोन बोअर धरले आहेत आणि लॉगची अट कार्यादेशात घातली आहे.