तोंडावर ताबा ठेवला असता तर?

बेळगावच्या शहापुरात हळदीकुंकवाला गेले की एखादी काकू हमखास विचारतात, "तोंडावर ताबा ठेवला असतास, तर वजनासाठी पोटाच्या ऑपरेशनची वेळ आली असती का गं?" तुम्ही विचारलंत म्हणून मनापासून सांगते.

ताबा मी अनेक वर्षे ठेवला होता. भात सोडला, लग्नाच्या पंगतीत मांडे नाकारले, वजन उतरले आणि दरवेळी पुन्हा चढले. वजन घटू लागले की शरीर भूक वाढवणारी संप्रेरके (हार्मोन्स) अधिक सोडते आणि स्वस्थ बसलेले असतानाही ऊर्जा कमी खर्च करते. तीव्र लठ्ठपणात केवळ निग्रहाच्या बळावर याला पुरून उरणारे फार थोडे असतात. म्हणूनच वैद्यकशास्त्र त्याला दीर्घकालीन आजार मानते.

माझी शस्त्रक्रिया स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीची होती. तीत दुर्बिणीद्वारे जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होत असल्यामुळे जठराच्या जागेबरोबर भूकही घटते. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) ३५ च्या पुढे, म्हणजे पाच फूट दोन इंच उंचीला साधारण ८७ किलोपासून, हा उपचार सुचवला जातो. आशियाई लोकांसाठी ही मर्यादा २७.५ इतकी खाली आणली आहे.

सोपी वाट म्हणणाऱ्यांनी नंतरचे दिवस पाहावेत. आधी गाळलेले कढण चमच्याचमच्याने, मग मऊ भात-वरण, आणि बऱ्याच आठवड्यांनी शाळूच्या भाकरीचा तुकडा, तोही पीठ होईपर्यंत चावून. जेवताना पाणी प्यायचे नाही, ताटातली डाळ किंवा अंडे आधी संपवायचे. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर. काहींना पित्ताचे खडे होतात, काहींची जळजळ वाढते, आणि पथ्य सुटले तर वजन परतही येते. आपल्याकडे आग्रहाने पुन्हा वाढण्यात माया असते, हे मला ठाऊक आहे. तरीही माझ्या वाटीत दुसऱ्यांदा कुंदा घालू नका, ही कळकळीची विनंती.

मधुमेह असणाऱ्यांची साखर वजन उतरण्याआधीच खाली येऊ शकते आणि औषधांचे प्रमाण लगेच बदलावे लागते. त्यामुळे खानापूर-निपाणीकडून शस्त्रक्रियेसाठी बेळगावला येणाऱ्यांनी घरी निघण्यापूर्वीच पुढच्या तपासणीची तारीख आणि अडचणीत फोन कोणाला करायचा, हे लिहून घ्यावे.