माडीच्या फळ्या घासायच्या असतील तर मशीन सगळ्यात शेवटी आणा

जुन्या घराची माडी असली की येणारा-जाणारा प्रत्येक माणूस फुकट सल्ला देतोय, वरनं प्लायवूड टाका आणि व्हिनाइल चिकटवा, नाहीतर सगळं पाडून सरळ स्लॅब घाला. आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या घरासाठी तर एक पाहुणे टिंबर मार्केटमध्ये जाऊन फळ्यांचा भावच काढून आले, जुन्या सागवानाला म्हणे गिऱ्हाईक उभंच असतंय. आता घेणाऱ्याला त्याची किंमत कळते आणि ज्याच्या घरात आहे त्यानं त्यावर प्लास्टिक चिकटवायचं, हे काय मला पटलं नाही. फळ्या ठेवल्या, घासल्या, तेल पाजलं. आता लोक माडीवर येऊन विचारायला लागलेत, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय.

आमचं काम कडीपाटाचं आहे. तुळया, त्यावर कड्या आणि त्यावर सव्वा इंची फळ्या, म्हणजे वरच्या खोलीची जमीन तेच खालच्या स्वयंपाकघराचं छत. बऱ्याच वाड्यात फळ्यांवर मातीचा थर आणि वर फरशी असते, तिथं हे काम लागू नाही. आणि फ्लॅटमध्ये जे लॅमिनेट घालतात ते तर घासायला जाऊच नका, वरची लाकडाची नक्षी म्हणजे छापील कागद असतो, पहिल्याच फेरीत जाईल.

आमच्याकडं वर कधीतरी प्लास्टिकचं कार्पेट आलं आणि तसंच राहिलं. कोल्हापूरचा पावसाळा आणि वरनं प्लास्टिक, ओल जाणार कुठं? कार्पेट उचललं तर प्रत्येक खिळ्याभोवती रुपयाएवढा काळा डाग. सागवानात टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य असतं, लोखंड आणि ओल त्याला भेटली की असलं काळं होतंय, आणि ते इतकं खोल जातंय की घासून काढायचं म्हटलं तर फळीच संपेल. त्याला औषध म्हणजे ऑक्झॅलिक ॲसिड, केमिकलच्या दुकानात पावडर मिळते. कोमट पाण्यात विरघळवून ब्रशनं डागावर लावायचं, थोडा वेळ ठेवायचं, मग भरपूर पाण्याच्या फडक्यानं दोन-तीनदा पुसून काढायचं. डाग डोळ्यादेखत फिका होत जातो, अक्षरशः बघत बसावं वाटतं. पण ते विषारी आहे, हातमोजे पाहिजेतच, पोरं आणि मांजर दोन्ही खाली, आणि नीट पुसून न काढता तसंच वाळू दिलं तर नंतर घासताना तीच पावडर नाकात जाते.

भिंतीच्या कडेनं लाल ऑइलपेंटचा पट्टा होता, सगळ्या जुन्या घरात असतोय तसा. त्यावर कोरडं मशीन फिरवू नका. घरातल्या रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागात ९० भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडं २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याच्या आधीच्या रंगात किती शिसं असेल ते तुम्ही तपासल्याशिवाय सांगू शकत नाही, आणि घासलं की ती सगळी धूळ हवेत आणि तिथनं पोरांच्या पोटात. आम्ही पाणी मारत मारत पत्र्यानं खरवडून काढला, चिखल कागदात गुंडाळून बाजूला केला. किचकट काम आहे, पण हे करायचंच.

मग सुतारमामा आले. मी मशीन कुठं भाड्यानं मिळेल विचारत होतो तर म्हणाले, "मशीन आणशील रं, आदी खिळं बघ." आणि त्यांचं खरं होतं. दिवसभर आम्ही गुडघ्यावर बसून हात फिरवत गेलो, जिथं खिळ्याचं डोकं हाताला लागेल तिथं सुंब्यानं (खिळा आत ठोकायच्या लोखंडी दांड्यानं) खिळा दोन-तीन मिलिमीटर आत बसवायचा. एक जरी वर राहिला तर मशीनवरचा घासपेपरचा बेल्ट टर्रकन फाटतो आणि वर ठिणगी उडते, ती जर भुश्याच्या पिशवीत गेली तर आत धुमसत राहते आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. म्हणून पिशवी घरात भरून ठेवायची नाही, काम थांबलं की बाहेर नेऊन रिकामी करायची. हलणाऱ्या फळ्या खिळ्यानं नको, स्क्रूनं आवळून घ्या, मग करकर बंद होते. (थोडी करकर आम्ही मुद्दाम ठेवली, रात्री पोरगं किती वाजता आलं ते आईला कळतं.)

मोठं ड्रमचं मशीन घरगुती कामाला नकोच, आणि अरुंद जिन्यातनं वर चढवणार कोण. आम्ही चार इंची बेल्ट सँडर वापरला, १०० बाय ६१० मिलिमीटरचा बेल्ट लागतो, मशीन पाच-सहा किलोचं, दुपारपर्यंत खांदे भरून येतात. पहिला हात ४० नंबरच्या खरखरीत पेपरनं (नंबर वाढेल तसा पेपर बारीक), मग ६० किंवा ८०, शेवटी १२०. मधला नंबर गाळायचा मोह होतो, गाळू नका, ४० चे ओरखडे १२० नं जात नाहीत आणि तेल लावल्यावर खिडकीतल्या उजेडात सगळे उठून दिसतात. चालवायचं लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच, फळी वाकलेली असेल तर फक्त पहिला हात थोडा तिरका. मशीन चालू असताना एका जागी थांबलं की खड्डा पडला म्हणून समजा. १२० च्या पुढं जाऊ नका, लाकूड जास्त गुळगुळीत केलं की तेल प्यायला तयार होत नाही. आणि सागवानात वाळूसारखा सिलिका असतो त्यामुळं पेपर लवकर बोथट होतो, बेल्ट जास्तीचे आणा.

कोपऱ्यात मशीन जात नाही. तिथं मामांनी खिशातनं फुटलेल्या काचेचा तुकडा काढला, अंगठ्यात तिरका धरला आणि फळीवरनं असा ओढला की केसासारखी पातळ साल गोल गोल होत वर आली. पेपरपेक्षा पृष्ठभाग साफ येतो. मी करून बघितलं, जमतंय, पण जाड हातमोजा घालून.

धुळीचं हलक्यात घेऊ नका. लाकडाची धूळ १९९५ पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे, नाकाला रुमाल बांधून काय होत नाही, एन-९५ मास्क लावा. आणि कडीपाट असेल तर खालची खोली रिकामी करा! आमच्या फटीतनं भुस्सा सरळ खाली, काकूंचं स्वयंपाकघर बंद, घरात सगळे वडापाववर.

फटींचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त वाद ह्याच्यावरनं झाला. मिस्त्री लोक म्हणतात फेविकॉल आणि भुस्सा कालवून लांबी (म्हणजे पुट्टी) भरा, एकदम प्लेन होतंय. एप्रिलमध्ये फट मोकळी असते, जुलैत फळ्या पाणी ओढून फुगतात आणि फट मिटते, लाकूड रुंदीत हलतच राहणार. कडक लांबी भरली तर एकतर सुटून पडते नाहीतर फळ्यांना जागा न मिळून त्या वर उठतात. बारीक फटी तशाच सोडा. मोठ्या फटीत सागवानाची पातळ पट्टी बसवायची आणि ती एकाच बाजूच्या फळीला चिकटवायची, दुसरी बाजू मोकळी. बस.

आता पॉलिश. पीयू (पॉलियुरेथेन) लावा म्हणणारे बहुमतात होते, दिसायला झकास आणि पाण्याला चांगलं, हे मान्य. पण पीयू लाकडावर थर करून बसतं, पलंग ओढून चरा पडला की तेवढाच तुकडा दुरुस्त होत नाही, सगळं परत घासायचं. चपडा लाखेचं जुनं पॉलिश तर जमिनीला नकोच, पाण्याचा पेला ठेवला की पांढरा गोल. आम्ही बेलतेल लावलं, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून, पुढचे घट्ट, दर वेळी वीसेक मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून काढायचं नाहीतर चिकट राहतं, आणि मध्ये किमान एक दिवस जाऊ द्यायचा. पाण्याला हे पीयूइतकं टिकत नाही, बादली ओतून पुसायची सवय सोडावी लागते. पण घासलं गेलं तिथं हातानं पेपर मारून परत तेल, विषय संपला. जी दुरुस्ती मला घरात बसून करता येते तेच पॉलिश मला चालतं, बाकी ज्याची त्याची आवड.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना बसवून सांगा. हे तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली की ती उष्णता आतल्या आत साठते आणि फडकी आपोआप पेटतात, काडी लागत नाही. एकेक फडकं बाहेर दोरीवर पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. ८ ऑगस्ट २०२४ ला इथलं जुनं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना ज्यांनी बघितलं त्यांना जुनं लाकूड कसं पेटतं हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं फेब्रुवारी-मार्चमध्येच बसवा. वळीव सुरू झाला की हवा दमट आणि तेल वाळता वाळत नाही.

आता जिना राहिलाय. पायऱ्या मधे झिजून खोलगट झाल्यात, त्या सपाट करायच्या नाहीत असं मी म्हणतोय, आई म्हणते पाय घसरतो, करा. मामांनी दिवाळीनंतर येतो म्हणून सांगितलंय, कुठल्या दिवाळीनंतर ते विचारायचं राहिलं.