तीन अंशांची सहल

म्हैसमाळला मराठवाड्याचं महाबळेश्वर म्हणायची पद्धत आहे. ही उपमा पहिल्यांदा ज्यानं कुणी दिली, त्यानं म्हैसमाळचं नुकसानच केलं. महाबळेश्वर डोक्यात ठेवून माणूस वर जातो, स्ट्रॉबेरी शोधतो, घोडे शोधतो, नावा असलेला तलाव शोधतो आणि ‘इथं तर काहीच नाही’ म्हणत तासाभरात खाली उतरतो. उंचीचं म्हणाल तर फार अंतर नाही. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, म्हैसमाळ १०६७. फरक आहे तो पावसाचा. महाबळेश्वर ढगांच्या वाटेतच उभं आहे, तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सह्याद्रीवर रिकामे झालेले ढग आमच्यापर्यंत पोचतात तेव्हा त्यांच्याकडे द्यायला उरलेलंच थोडं असतं. आमच्या छत्रपती संभाजीनगराच्या वाट्याला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तेही त्यांची मर्जी असेल त्या वर्षी.

मग म्हैसमाळला नेमकं मिळतं काय? तीन अंश. शाळेच्या भूगोलात शिकवायचे की साधारण एकशे साठ मीटर वर चढलं की तापमान एक अंशानं उतरतं. शहर आणि म्हैसमाळ यांच्या उंचीत पाचशे मीटरचा फरक. करा भागाकार. मे महिन्यात शहरात बेचाळीस असेल तर वर एकोणचाळीस. एकोणचाळीसला थंड हवेचं ठिकाण म्हणायला मराठवाड्यातलाच माणूस लागतो. पण तेच गणित श्रावण-भाद्रपदात मांडा. खाली अठ्ठावीस, वर पंचवीस, त्यात पठारावरचा मोकळा वारा आणि मधूनच अंगावरून जाणारं धुकं. त्या तीन अंशांची किंमत ज्याच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मार्चपासून चटके देतं त्यालाच कळते.

जायचं कसं, हा प्रश्न आमच्या घरात दरवेळी नव्यानं निघतो. एसटी आहे, पण ती आपल्या वेळेवर जाते आणि तिच्याच वेळेवर परत येते. काळीपिवळी खुलताबादपर्यंत सोडते, पुढचं पुढे. दुचाकीवर आईला बसवता येत नाही. स्वतःची गाडी काढली तर चालवणाऱ्याला दिवसभर डांबर दिसतं, बाकीच्यांना डोंगर. म्हणून गाडी करायची. ‘गाडी केली’ असं शेजाऱ्यांना सांगताना अजूनही आवाज अर्धा सूर खाली येतो. लग्न, दवाखाना किंवा तुळजापूर यांखेरीज गाडी करणं आमच्या लहानपणी उधळपट्टीत जमा होतं. नुसत्या हवेसाठी गाडी म्हणजे काय!

गाडीवाल्यांचं गणितही ऐकण्यासारखं असतं. शहरात फिरायचं असेल तर आठ तास, ऐंशी किलोमीटर असा हिशेब. बाहेरगावचं असेल तर दिवसाला किमान तीनशे किलोमीटरचे पैसे, गाडी तेवढी फिरो न फिरो. म्हैसमाळ नेमकं या दोन्हींच्या मधे लटकलेलं. जाऊन-येऊन अठ्ठ्याहत्तर-ऐंशीच्या आसपास भरतं, म्हणजे हिशेबात जेमतेम बसतं. पण गाडीवाला म्हणतो, ‘साहब, घाट है ना. घाट लोकल में नहीं आता.’ आपण म्हणायचं, घाट काय आंबोलीचा आहे का, चार वळणं तर आहेत. मग तो म्हणतो, ‘चार तो चार, पर चढती तो गाडी ही ना.’ या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी दोघांनाही थोडं थोडं लागेल अशा आकड्यावर तोड निघते. चहा-जेवण आपल्याबरोबर, हे न बोलता ठरलेलं असतं.

वार निवडणं हे खरं कौशल्य. श्रावणात शुक्रवारी रात्री तो सगळा रस्ता खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघालेल्या लोकांचा असतो, शनिवार दर्शनाच्या रांगेचा. रविवारी दुचाकीवाली तरुण मंडळी. सोमवार घृष्णेश्वराचा. उरलेल्यांत मंगळवार सगळ्यात बरा. मंगळवारी वेरूळची लेणी बंद, त्यामुळे पर्यटकांच्या बसही कमी. त्यातून मंगळवार देवीचा, म्हणजे म्हैसमाळच्या गिरिजामातेच्या दर्शनाचं पुण्य आईच्या पदरात. एका वारात इतकं सगळं बसतं म्हटल्यावर ऑफिसात रजा टाकायला मन कचरत नाही.

आमची मंडळी गाडीत बसली की पहिलं काम एसी लावणं. मिटमिटा मागे पडेपर्यंत आत चांगलं थंड होतं आणि इथंच सगळी गोम आहे. बावीस अंशांच्या डब्यात तासभर बसून तुम्ही पंचविसातल्या डोंगरावर उतरलात तर तो डोंगर तुम्हाला उकडतो. ज्या हवेसाठी पैसे मोजले ती हवा दार उघडल्याबरोबर गरम लागते. असे कितीतरी लोक मी वर पाहिले आहेत. दार उघडतात, ‘कसलं थंड’ म्हणतात, फोटो काढतात आणि परत आत जाऊन बसतात. हवा बिचारी काही चुकलेली नसते.

हे कोडं आईनं सोडवलं. दौलताबादच्या अलीकडे तिनं गाडीवाल्याच्या खांद्याला मागून हात लावला. ‘बाबा, ते बंद कर अन् काचा खाली घे.’ भाचीनं लगेच तोंड वाकडं केलं, ‘कामून गं आजी, मस्त थंड होतंय की.’ आई म्हणाली, ‘हितं घाम आला तरच तिथं गार लागंल.’ गाडीवाल्याला ही कल्पना फारच आवडली असावी. ‘अम्मा एकदम सही बोल रहे,’ म्हणत त्यानं चारही काचा उतरवल्या. बाहेरून ओल्या मातीचा, डिझेलचा आणि कुठेतरी भाजल्या जाणाऱ्या कणसाचा वास आत शिरला. त्यापुढे दर वळणागणिक हवा बदलत गेलेली आम्हाला कळली. काचा बंद असत्या तर घाट नुसता बघितला असता.

घाटात एक जुना दरवाजा आहे. देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्याच्या तटबंदीतला, रस्त्यावरच उभा. आजही त्याच्यातून एका वेळी एकच मोठं वाहन जातं. रविवारी इथं हॉर्नचा जो गोंधळ चालतो तो ऐकून वाटतं की किल्ला अजून लढतोय. मंगळवारी मात्र समोरून येणारा ट्रॅक्टरवाला थांबला, आमच्या गाडीवाल्यानं हात केला, आम्ही गेलो. मागे वळून पाहिलं की किल्ल्याचा तो तासून काढलेला कातळ दिसतो. १३२७ मध्ये तुघलकानं दिल्ली इथं हलवली ती काही हवेसाठी नव्हे, पण त्या स्थलांतरातल्या माणसांनी आणलेली एक गोष्ट घाट चढला की लागते. कागजीपुरा. हातकागद बनवणाऱ्यांचं गाव. नुसत्या बसमधून गेलं तर हे गाव म्हणजे एक पाटी. आम्ही थांबलो. भाचीनं जाड, खरबरीत कागद घेतला आणि त्यावर लिहायचं काय, या विचारात पुढचा अर्धा तास गप्प राहिली, हा कागदाचा मोठाच फायदा.

गाडी करण्यातलं सुख मला या थांबण्यात आहे. ज्यांना घाई आहे त्यांना तीन अंश दीड तासात मिळतात. पण पैसे आपण मुक्कामाचे देत नाही, ‘जरा थांबा हो’ म्हणायच्या हक्काचे देतो. एसटीत हा हक्क फक्त कंडक्टरला असतो. स्वतःच्या गाडीत तो असतो खरा, पण ‘आता कुठं थांबतेस, मागं ट्रक आहे’ या वाक्यावर त्याचा शेवट होतो. तिसरा माणूस स्टिअरिंगवर असला की नवराबायको दोघंही एकाच वेळी खिडकीबाहेर बघू शकतात. आमच्या घरात ही घटना विरळाच.

खुलताबादेला हवा बदललेली स्पष्ट कळते. जुन्या काळी याला रौझा म्हणत, आणि शहरातला उन्हाळा असह्य झाला की साहेब लोक इथं राहायला येत. त्याच्या कितीतरी आधीपासून इथं येऊन पडलेल्यांची यादी मोठी आहे. १६२६ मध्ये वारलेला मलिक अंबर, ज्यानं खडकी, म्हणजे आमचं शहर, वसवलं आणि त्याला जमिनीखालच्या नहरीचं पाणी दिलं. औरंगजेब, वरती छत नसलेल्या साध्या कबरीत. हैदराबादचा पहिला निजाम आसफजाह. आयुष्यभर लढाया करत दख्खनभर पळालेली माणसं, आणि शेवटी सगळ्यांना हवी होती ती एकाच गावची माती. आमचा मारुतीही इथं आडवा आहे. बाकी गावी उभा, गदा घेतलेला, उड्डाणाच्या तयारीतला. इथं निवांत पहुडलेला. आई हात जोडून म्हणाली, ‘दमला असंल गं.’ माझ्या मते हवाच तशी आहे.

सुलीभंजनला जायचं की नाही, यावर गाडीत मतदान झालं. एकनाथमहाराजांनी तिथं तप केलं अशी परंपरा आहे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. गाडीवाल्यानं काट्याकडे बोट दाखवून शांतपणे सांगितलं की ऐंशीचं ऐंशीत राहणार नाही. ही म्हणाली, महाराजांनी तपाला जागा निवडताना किलोमीटर मोजले नव्हते. पण जेवणाची वेळ झाली होती आणि भूक लागलेल्या माणसांच्या मतदानात तप नेहमीच पडतं. पुढच्या वेळी.

म्हैसमाळच्या शेवटच्या टप्प्यात झाडं विरळ होतात आणि गवत सुरू होतं. लांबूनच दूरदर्शनचा मनोरा दिसतो. आमच्या लहानपणी गच्चीवर चढून अँटेना फिरवत ‘आलं का? आलं का?’ ओरडायचो, ते सगळं या मनोऱ्याच्या नावानं. त्याच्या पायथ्याशी उभं राहून हे सांगितलं तर भाची म्हणाली, ‘मग तुम्ही इथंच येऊन का नाही बघितलं?’

जेवायला आम्ही पठाराच्या कडेला बसलो. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, वर कांदा फोडून. गाडीवाल्याला आईनं हाक मारून बसवलं. त्यानं धपाट्याला दाद दिली आणि त्याच घासाला शहागंजातल्या नान-खलियाची, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याची, आठवण काढली. आई माळकरी, पण तिनं शांतपणे विचारलं, ‘त्यात हळद किती घालतेत?’ मग बराच वेळ हळद, खसखस आणि आंबट दही यांवर दोघांचं चाललं. आम्ही बाकीचे तेरडा बघत होतो. भाद्रपदात पठारभर गुलाबी तेरडा असतो, मधे मधे सोनकीचा पिवळा. फोटोवाले त्यात आडवे झोपतात आणि उठतात तेव्हा खाली चटई झालेली असते. मंगळवार असल्यानं निम्मा तेरडा अजून उभा होता.

कडेवरून खाली बघितलं की पाण्याच्या वाटा कळतात. या डोंगरातली गिरिजा नदी पूर्णेकडे निघते. दुसऱ्या बाजूचं पाणी येळगंगा होऊन वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्याशेजारून उडी घेतं आणि शिवनेला जाऊन मिळतं. पूर्णा काय, शिवना काय, शेवटी दोघी गोदावरीतच. एका सरीतले दोन थेंब हातभर अंतरावर पडले तर इतका लांबचा वळसा घेऊन भेटतात. देवीच्या देवळातून परत येताना एक सर आलीच. छत्र्या गाडीत. आम्ही मक्याच्या कणसाच्या गाडीवरच्या ताडपत्रीखाली घुसलो. कणीसवाल्या बाईनं आधी आईला बसायला पाट दिला, मग कणसांचा भाव सांगितला. पाटामुळे घासाघीस करायची सोयच राहिली नाही.

आणि हो, थंडी वाजली. पंचवीसच्याही खाली असेल, ओल्या कपड्यांत वारा लागला की अंश कोण मोजतो. आईनं पिशवीतून शाल काढली. ही शाल तिनं निघताना घेतली तेव्हा सगळे हसले होते. भाची तिच्याच शालीत शिरली.

संध्याकाळी उतरलो. गाडीवाल्यानं आठ तासांवर झालेला वेळ मोजला, मग धपाटे आठवून निम्मा सोडून दिला. गेटपाशी शेजारचे काका उभे होतेच. काय काय बघितलं विचारलं. आम्ही सगळं सांगितलं, कागदापासून कणसापर्यंत.

‘अन् वेरूळ?’

‘काका, मंगळवारी लेणी बंद असतात.’

‘मग मंगळवारी कशाला गेलात?’

हिनं त्यांना गाडीवाल्याचा नंबर दिला.