हात धुतलेस का?

सरांना जाऊन वर्ष झालं. जुन्या नाटकांच्या प्रयोगांच्या नोंदी शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, हे सगळ्यांना पाठ असतं. सर विचारायचे, "त्या रात्री उजेड कसला होता रे?"

२१ डिसेंबर १९०९. आपल्या नाशकात, विजयानंद थिएटरात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या इंग्रज कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या. आपण तिथेच थांबतो. सरांना मात्र पडद्यामागे रंग लावून बसलेल्या नटांची काळजी!

एकदा त्यांनी एक पिवळं पडलेलं हँडबिल माझ्यापुढे ठेवलं. कडा बिस्किटासारख्या ठिसूळ. मी हात पुढे केला, तर म्हणाले, "आधी हात धुऊन ये."

ते हँडबिल आता माझ्याकडे आहे. काल काढलं. हात धुऊनच.