कुंडीतल्या लिंबाचा केवडा : नोंद तिसरी

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की कागदी लिंबाला नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय. शब्द मागे घेतो.

पानं पिवळी पडली एवढंच पाहिलं होतं. कुठली, ते पाहिलंच नव्हतं. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या फुटीला देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी पडतात. माझ्याकडे उलटंच. खालची हिरवीगार, आणि शेंड्याची कोवळी पानं फिक्कट पिवळी, त्यात फक्त शिरांची हिरवी जाळी. उसाचे शेतकरी याला 'केवडा पडला' म्हणतात. लोहाची कमतरता. लोह एकदा पानात बसलं की तिथून फारसं हलत नाही, त्यामुळे उपासमार नव्या पानांची.

गंमत म्हणजे कुंडीत कोकणची लाल माती आहे, आणि ती लाल लोहामुळेच! पण ते लोह गंजाच्या रूपातलं, पाण्यात जवळजवळ न विरघळणारं. लिंबाची मुळं आम्ल सोडून ते थोडं थोडं सुटं करतात आणि फेरिकचं फेरस, म्हणजे लोहाचं मुळांना शोषता येईल असं रूप, करून आत घेतात. मार्चपासून मी बोअरचं जड, क्षारांचं पाणी घालतोय. त्यातलं बायकार्बोनेट हे आम्ल मारून टाकतं. मातीचा सामू (pH) पट्टीवर ८ भरला, म्हणजे आम्लाच्या उलट, अल्कधर्मी बाजूला. त्यात 'पालाश (पोटॅश) मिळेल' म्हणून मी मूठमूठ लाकडाची राख घालत होतो. राख अल्कधर्मी. म्हणजे कुलूप मीच घट्ट केलं.

४ मे : लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), चिमूटभर सायट्रिक ॲसिड. ऊन उतरल्यावर फवारलं.

११ मे : पानांवर हिरवे ठिपके! जिथे थेंब बसला तेवढंच हिरवं, शेजारी मिलिमीटरभर अंतरावर पिवळं तसंच. लोह हलत नाही हे इतकं स्पष्ट कधी पाहिलं नव्हतं. पान अर्धा तास भिंगाखाली धरून बसलो, चहा गार झाला.

१२ मे : फवारणी किती वेळा करणार? मातीत लोह-चिलेट, म्हणजे सेंद्रिय रेणूत धरून विरघळतं ठेवलेलं लोह, द्यायचं ठरवलं. घरात ईडीटीए या रेणूचं चिलेट होतं, पण ते सामू साडेसहाच्या वर गेला की मातीत टिकत नाही. महाग पडलं तरी अल्कधर्मी मातीतही टिकणारं ईडीडीएचएचं चिलेट आणलं. पाण्यात टाकलं की रंग गडद लाल. राख बंद.

३ जून : नवी फूट हिरवी आली. फवारलेली पानं अजून चट्ट्यापट्ट्यांचीच आहेत. पावसाच्या पाण्यासाठी गच्चीवर पिंप मांडलंय. फरशीवर हिराकशीचे तांबूस डाग पडलेत, त्यावरून घरात बोलणी खातोय.