तलावपाळीच्या दोन फेऱ्या

मार्चमध्ये एचबीएवनसी ६.८ आलं. ही मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.५ किंवा वर गेली की मधुमेह. आईचे पाय शेवटी कसे बधिर झाले होते ते मी पाहिलंय. रिपोर्ट हातात घेऊन बसूनच राहिले.

डॉक्टरांनी गोळी दिली आणि जेवल्यावर चालायला सांगितलं. चालताना स्नायू रक्तातली साखर उचलतात, इन्शुलिनची फारशी वाट बघत नाहीत. आता रात्री आठला जेवण, आणि हात धुतले की आम्ही दोघं मासुंदा तलावाला दोन फेऱ्या मारतो. भेळेच्या गाड्यांपाशी पाय अजून रेंगाळतात.

ताट बदलायला जास्त वेळ लागला. भाताचा डोंगर गेला, एक वाटी उरली. आधी काकडीची कोशिंबीर, मटकीची उसळ, मग भाकरी, भात सगळ्यात शेवटी. ज्वारी कितीही खा म्हणणाऱ्यांचं मात्र ऐकू नका, भाकरीतही पिष्ट असतंच. मी दीडवर थांबते. चहातली साखर सुटली. आंबा नाही सोडला; हापूसच्या दोन फोडी, त्या दिवशी भात बंद.

सप्टेंबरमध्ये ६.१. गोळी चालूच आहे. मुलगा तिशीचा झालाय, रविवारी त्याचं रक्त तपासून घेतेय.